बेताचे पैसे आणि गोल हिरा : प्रस्तावना

हिऱ्याची किंमत तो किती दुर्मिळ आहे यावर ठरते. बोटात तो उठून दिसतो ते मात्र प्रकाशामुळे. बहुतेक खरेदीत या दोन गोष्टींची सरमिसळ होते. एका खड्याची अंगठी घ्यायला निघालेले कुटुंब आधी वजन विचारते, मग शुद्धतेबद्दल ‘व्हीव्हीएस आहे ना?’ असे विचारते, रंग ‘ईएफ’ असल्याची खात्री करून घेते आणि प्रमाणपत्रावर नजर टाकून पैसे मोजते. हिरा चमकणार की नाही, हे या तिन्ही उत्तरांतून कळत नाही. ज्याला पैशाची ददात नाही त्याला ही सरमिसळ पचते. ज्याने साखरपुड्यासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढली आहे, त्याने मात्र हा गुंता आधी सोडवायला हवा. बाजार ज्या गुणांसाठी भरमसाट पैसे मागतो, त्यांतले काही डोळ्यांना दिसतच नाहीत. आणि जो गुण सर्वांत आधी दिसतो, त्याची चौकशी दुकानात सर्वांत कमी होते. बेताच्या पैशाला वाव आहे तो याच तफावतीत. हे पुस्तक ती तफावत समजावून सांगण्यासाठी आहे.

ते रत्नशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडेल. पण लिहिताना डोळ्यांपुढे होता तो पहिलाच हिरा घेणारा वाचक. त्याला भौतिकशास्त्र यायला हवे अशी अट नाही. शाळेत शिकलेले परावर्तन आठवत असले तरी पुरे.

या विषयाची पाळेमुळे आपल्याच भूमीत आहेत. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवले ते मुख्यतः भारताने. गोवळकोंड्याच्या नावावर खपलेले अनेक हिरे प्रत्यक्षात कृष्णेच्या काठी कोल्लूरसारख्या ठिकाणी निघत. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद ‘आइन-इ-अकबरी’त आहे. आणि हिरा होता म्हणून त्याची परीक्षाही होती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वज्रपरीक्षेला स्वतंत्र अध्याय दिला. आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ, असे त्याचे वजनाचे माप. वजन जितके उतरते त्याहून किंमत झपाट्याने उतरते, हेही त्याने आकड्यांत मांडले. कावळ्याच्या पायासारखी खूण, माशी, केस, वाळूचा कण अशा दोषांची त्याची यादी आजच्या प्रमाणपत्रावरच्या दोषनकाशाची आठवण करून देणारी आहे. चांगला हिरा पाण्यावर तरंगतो, असेही तो म्हणतो. ते अर्थातच खरे नाही. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड असतो. पण त्याच ठिकाणी तो उत्तम हिऱ्याची तुलना वीज, अग्नी आणि इंद्रधनुष्य यांच्याशी करतो. म्हणजे परीक्षेत दोष आणि तेज असे दोन भाग त्याने धरले होते. आपल्या बाजारात दोषांची धास्ती टिकली, तेजाची चौकशी मागे पडली. ‘व्हीव्हीएस’चा आजचा हट्ट मला त्याच धास्तीचा वारसा वाटतो.

वजन आणि किंमत यांच्या नात्याबद्दलची दुसरी महत्त्वाची नोंद सतराव्या शतकातली. भारतात अनेकदा येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने तीन कॅरेटच्या वरच्या हिऱ्यांसाठी एक नियम लिहून ठेवला : वजनाचा वर्ग करा आणि त्याला एका कॅरेटच्या भावाने गुणा. आजचा बाजार हे सूत्र तंतोतंत पाळत नाही, पण कल तोच आहे. मोठा कच्चा हिरा विरळा असल्याने कॅरेटमागचा भाव वजनाबरोबर चढतो. आता हेच मोजपट्टीवर पाहू. चांगला घडवलेला अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर व्यासाचा असतो, एका कॅरेटचा ६.४ मिलिमीटरचा. वजन दुप्पट झाले. वर्गाच्या हिशेबाने किंमत चौपट व्हावी. बोटावर दिसणारी रुंदी मात्र वाढली जेमतेम सव्वापट. कॅरेट हे वजन आहे, ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट. डोळा सेंट मोजत नाही, मिलिमीटर मोजतो.

जुने भारतीय कारागीर हिरा घासताना वजन राखत, कारण वजनालाच मोल होते. १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनात कोहिनूर मांडला तेव्हा तो फिका वाटला म्हणून लोक हिरमुसले. पुढच्याच वर्षी तो नव्याने घडवला गेला आणि आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरेटचा हिरा १०५.६ कॅरेटचा उरला. तेजासाठी जवळजवळ निम्मे वजन घालवण्याची ही तयारी पुढे वाढत गेली. १८६० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले, कच्चा माल वाढला आणि घडवण्याची यंत्रेही सुधारली. मग १९१९ साली मार्सेल टोलकॉव्स्की या तरुणाने ‘डायमंड डिझाइन’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. अँटवर्पच्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातला हा मुलगा लंडनला अभियांत्रिकी शिकत होता. घराण्याच्या धंद्यातला प्रश्न त्याने गणिताने सोडवला : गोल हिऱ्याचे कोन किती ठेवले तर प्रकाश आणि रंग दोन्ही भरपूर मिळतील?

त्याचे उत्तर समजायला हिऱ्याची चार अंगे ओळखावी लागतात. वरचा सपाट पैलू म्हणजे टेबल. टेबलाभोवतीचा उतरता माथा म्हणजे क्राउन, खालचा निमुळता भाग म्हणजे पॅव्हिलियन आणि या दोहोंमधली कड म्हणजे गर्डल. माथ्यावर ३३ पैलू, खाली २४. मिळून ५७, आणि टोकाशी बारीक पैलू ठेवला तर ५८. सुरतेच्या कारखान्यांत मथाळा आणि तळिया ही कारागिरांची वेगवेगळी कामे असतात, इतका या दोन भागांचा स्वभाव वेगळा.

हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ च्या आसपास आहे. आत शिरलेला किरण आतल्या बाजूने पैलूवर लंबाशी २४.४ अंशांपेक्षा जास्त कोन करून आदळला, तर तो बाहेर पडू शकत नाही. पूर्णपणे उलटा फिरतो. पॅव्हिलियनचे कोन योग्य असतील तर किरण एका बाजूच्या पैलूवरून समोरच्या पैलूवर आणि तिथून माथ्यातून पुन्हा आपल्या डोळ्यांकडे येतो. बाहेर पडताना त्याचे रंग फुटतात. सप्तरंगी ठिणग्या दिसतात त्या यामुळे. पॅव्हिलियन फार उथळ असेल तर टेबलाच्या आत गर्डलचे करडे वर्तुळ दिसते. फार खोल असेल तर मधोमध काळोख दाटतो. टोलकॉव्स्कीने काढलेले आकडे होते टेबल ५३ टक्के, क्राउनचा कोन ३४.५ अंश आणि पॅव्हिलियनचा ४०.७५ अंश. शंभर वर्षांत त्यांत थोडी भर-दुरुस्ती झाली, पण आजही चांगला गोल हिरा याच आकड्यांच्या आसपास सापडतो.

मोजमापाची भाषा त्यानंतर ठरली. रॉबर्ट शिप्ली यांनी १९३१ साली अमेरिकेत जीआयए ही संस्था काढली. रंगासाठी डी ते झेड आणि शुद्धतेसाठी निर्दोषपासून आय-३ पर्यंतची श्रेणी तिथेच १९५० च्या दशकात रुळली. रंगाची सुरुवात डीपासून झाली, कारण ए, बी, सी ही अक्षरे तोवर व्यापाऱ्यांनी आपापल्या सोयीने वापरून बदनाम केली होती. कटची, म्हणजे घडणीची, श्रेणी मात्र प्रमाणपत्रावर आली ती २००६ साली, आणि तीही गोल हिऱ्यापुरती. रंग आणि शुद्धता विचारण्याची सवय ग्राहकांना अर्धशतक आधी लागली होती. कटचा प्रश्न उशिरा आला तो असा.

आज जगातले बहुतेक हिरे सुरतेत घडतात आणि त्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र मुंबईत आहे. आधी ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत चालणारा हा व्यवहार २०१० नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्सकडे सरकला. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या सराफाकडचा खडा बहुधा याच वाटेने आलेला असतो. म्हणजे मराठी ग्राहकाला निवडीला वाव भरपूर आहे. काय मागायचे हे ठाऊक हवे.

तर रक्कम ठरलेली आहे असे धरून क्रम लावू. पहिला मान कटचा. रंग, शुद्धता आणि वजन कच्च्या हिऱ्यात निसर्गाने घालून दिलेले असते. कट हा एकटाच माणसाच्या हातचा गुण आहे. प्रमाणपत्रावर ‘एक्सलंट’ असणे ही किमान अट समजावी, पुरेशी नव्हे. त्या शेऱ्याचा पट्टा रुंद आहे आणि त्यात वजन राखण्यासाठी खोल ठेवलेले हिरेही बसतात. म्हणून आकडे पाहावेत : टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२.५ टक्के, क्राउनचा कोन ३४ ते ३५ अंश, पॅव्हिलियनचा ४०.६ ते ४१ अंश. हे दोन कोन एकमेकांना सांभाळून घेतात; क्राउन थोडा उभा असेल तर पॅव्हिलियन थोडा उथळ हवा. दोन्ही उभे असतील तर प्रकाश खालून गळतो आणि कडेला काळपट वलय दिसते. शिवाय प्रमाणपत्रावरचे कोन सरासरी काढून जवळच्या ठरावीक आकड्याला आणलेले असतात. त्यांनी वाईट हिरे गाळता येतात. उरलेल्यांतून एक निवडायला डोळाच लागतो.

दुसरा मान व्यासाचा. बाजारात किंमत पायऱ्यापायऱ्यांनी चढते, ०.५०, ०.७०, ०.९०, १.०० या वजनांवर कॅरेटचा भावच बदलतो. गोल आकड्याचा मोह कारागिरालाही असतो. एक कॅरेट भरावे म्हणून खोल ठेवलेला, जाड गर्डलचा हिरा ६.३ मिलिमीटरचाच निघू शकतो. नीट घडवलेला ०.९० कॅरेटचा हिरा ६.२ मिलिमीटरचा असतो. एक दशांश मिलिमीटरचा फरक बोटावर कोणाला कळणार नाही. बिलात मात्र तो लख्ख कळतो. पायरीच्या किंचित खालचे वजन, म्हणजे ०.४७ किंवा ०.६८ असे, मिळाले तर सोडू नये. असे खडे कमी निघतात, कारण घडवणाऱ्यालाही पायरी गाठायची असते.

तिसरा रंग. श्रेणी लावताना हिरा उलटा ठेवून, ठरावीक प्रकाशात, नमुन्याच्या खड्यांशेजारी पाहतात. अंगठीत तो सुलटा असतो आणि उत्तम कट रंगाची छटा झाकतो. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये जी किंवा एच पुरेसा पांढरा दिसतो. अर्ध्या कॅरेटच्या आसपास आयदेखील चालून जातो. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात जेसुद्धा शोभतो, कारण शेजारच्या सोन्यापुढे त्याची पिवळसर झाक जाणवत नाही. आपल्याकडे सोने बहुधा पिवळेच आवडते, तरी पैसे ईएफला मोजले जातात, हा उलटा व्यवहार आहे. अतिनील प्रकाशात निळे चमकणारे हिरे काहीसे स्वस्त मिळतात. त्या चमकीने हिरा दुधाळ झाला नसेल, आणि बहुतेकदा तो झालेला नसतो, तर ती सवलत खुशाल घ्यावी.

चौथी शुद्धता. व्हीव्हीएस म्हणजे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तज्ज्ञालाही कष्टाने सापडणारा दोष. जेवणाच्या टेबलापलीकडून अंगठी पाहणाऱ्या नातेवाइकांना तो दिसण्याचा प्रश्नच येत नाही. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणे हा निकष धरला तर व्हीएस-२ जवळजवळ नेहमी आणि एसआय-१ अनेकदा पुरतो. एसआयमध्ये मात्र दोष कुठे आहे हे पाहावे. टेबलाखालचा काळा ठिपका टाळावा. कडेचा पांढुरका दोष अंगठीच्या नखाखाली झाकला जातो. गर्डलपर्यंत पोचलेली भेग धोक्याची आहे. हिरा सर्वांत कठीण असला तरी ठरावीक दिशांना तो दुभंगतो. म्हणूनच अतिपातळ गर्डलही नको.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचे प्रकरण या पुस्तकात वेगळे आहे, कारण बेताच्या पैशाचा प्रश्न आज तिथेच सर्वांत तीव्र होतो. उच्च दाब व तापमानाची रीत १९५० च्या दशकातली. वायूतून थर चढवण्याची सीव्हीडी पद्धत आता सुरतेतही मोठ्या प्रमाणावर चालते. असा हिरा रचनेने, काठिण्याने आणि अपवर्तनांकाने हिराच असतो. भिंगाने तो ओळखू येत नाही; प्रयोगशाळेतली उपकरणे लागतात. दुकानातले उष्णता तपासणारे यंत्र त्याला हिराच म्हणेल, आणि त्यात यंत्राची चूक नाही. पुरवठा वाढत गेल्याने त्याचा भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरला आहे. तेव्हा मोठा, स्वच्छ, तेजस्वी खडा हवा असेल तर तो जरूर घ्यावा. पुढे विकून पैसे उभे करण्याची आशा मात्र त्यावर ठेवू नये. नैसर्गिक हिराही परत विकताना दुकानाच्या भावाने जात नाही, हेही खरे. दोहोंपैकी काय घ्यायचे ते घरीच ठरवावे, काउंटरवर नव्हे. आणि प्रयोगशाळेतला घेतलाच तर कटमध्ये तडजोड करायला काही कारणच उरत नाही.

पाहण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली सुमार हिराही ठिणग्या उडवतो. खडा खिडकीपाशी न्यावा, मग सावलीत, मग साध्या ट्यूबलाइटखाली. थोडा डावी-उजवीकडे कलवावा. कुठल्याही प्रकाशात तो जिवंत राहतो का, काळे-पांढरे तुकडे एकसारखे उजळतात-मावळतात का, हे पाहावे. दोन खडे शेजारी ठेवले की नवशिक्यालाही फरक कळतो. त्यासाठी हिरा शक्यतो सुटा पाहावा आणि मग अंगठीत बसवून घ्यावा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. प्रमाणपत्र हे मोजमापाचे पत्रक आहे. त्यात किंमत नसते. सर्व प्रयोगशाळांची कसोटी सारखी कडक नसते, म्हणून एका प्रयोगशाळेचा जी आणि दुसरीचा जी सारखे धरू नयेत. गर्डलवर कोरलेला क्रमांक भिंगातून पाहून पत्रकाशी ताडावा. बीआयएसचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सोन्याची हमी देतात, हिऱ्याची नव्हे. बिलात सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे वजन, घडणावळ आणि कर वेगवेगळे मांडलेले असावेत. एकरकमी आकड्यात घडणावळ कुठे संपते आणि हिरा कुठे सुरू होतो ते कळत नाही.

शेवटची बाब फुकटची आणि म्हणूनच दुर्लक्षित. हिऱ्याला तेलकटपणा ओढून घेण्याची सवय आहे. किंबर्लीच्या खाणींत चरबी लावलेल्या फळ्यांवरून खडीचा गाळ वाहवून हिरे वेगळे करीत, ते याच गुणावर. बोटातल्या अंगठीच्या तळाशी साबण, तेल, क्रीम यांचा थर बसला की पॅव्हिलियनवरून प्रकाश फिरेनासा होतो आणि हजारो रुपये मोजून मिळवलेला कट वाया जातो. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढ्याने तो परत येतो.

या विषयात मतभेद आहेत आणि ते पुढील पानांत झाकलेले नाहीत. काहींना मोठे टेबल आणि पांढरा लखलखाट आवडतो, काहींना उंच माथा आणि रंगांच्या ठिणग्या. दोन्ही आवडी प्रामाणिक आहेत. कुणाला घराण्याच्या रिवाजासाठी निर्दोष खडाच हवा असेल, तर त्यालाही नावे ठेवण्याचे कारण नाही. आपण कशासाठी पैसे देतो आहोत हे ठाऊक असले म्हणजे झाले. वाचकाला विनंती एवढीच, की दुकानात जाताना चार आकडे कागदावर लिहून न्यावेत : टेबल, खोली आणि दोन कोन. ते विचारल्यावर दुकानदाराने पत्रक पुढे केले तर बोलणे पुढे न्यावे. टाळाटाळ केली तर दुसरे दुकान गाठावे. आधी कट, मग व्यास, मग रंग आणि सर्वांत शेवटी शुद्धता : बेताच्या पैशात गोल हिरा घेण्याचा क्रम हाच.